एक दाणा पाखराचा

शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं आणि दुपारची शांतता मोडली.

सानिकाने मांडीवर झोपलेल्या लेकीचं डोकं अलगद उशीवर ठेवलं, घामाने कपाळाला चिकटलेली तिची बट बाजूला सारली आणि पाय न वाजवता ती स्वयंपाकघरात गेली. आधण उकळ्या मारत होतं. साखर पडली, चहापूड पडली. दूध ओतलं मात्र, आणि पातेलंभर पांढरा चोथा तरंगायला लागला.

दूध तर सकाळी काढलेलं. उरलेलं तिने वेगळं तापवून पाहिलं. ते शहाण्यासारखं तापलं, वर आलं, साय धरून बसलं. मग तिने माठात फुलपात्र बुडवलं आणि एक घोट घेतला.

पाणी मचूळ लागत होतं.

घोट तिने गिळला नाही, थुंकलाही नाही. तोंडात तसाच धरून ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाहेर तिचा मका उभा होता. पुरुषभर उंच, काळपट हिरवा, नाल्यापासून विहिरीपर्यंत भिंतीसारखा गच्च. तालुक्यातून लोक गाड्या करून बघायला येत होते असा मका.

लेक नक्षत्रा पाच वर्षांची. गेला आठवडाभर ती सारखी पाणी मागत होती. सानिकाला वाटलं होतं, उन्हाळा आहे.

मगदूम मळ्याची ही नव्वद एकर जमीन चाळीस वर्षं मेल्यात जमा होती. आजेसासऱ्यांच्या पिढीने उसाला पाणी पाजलं, पाजलं, इतकं पाजलं की जमिनीखालचं पाणी वर आलं आणि येताना पोटातलं मीठ घेऊन आलं. पाणी उन्हाने उडून जातं. मीठ कुठं जाणार? उन्हाळ्यात सगळं रान पापड वाळत घातल्यासारखं पांढरं दिसायचं. जांभळाखालची एक विहीर तेवढी गोडी होती, कारण ती पार खालच्या कातळात उतरलेली होती. मळ्यातली पाच घरं तिच्यावर जगत होती.

क्षारपड रानात लावणीचं शास्त्र वेगळं. सरीत पाणी सोडलं की ते दोन्ही अंगांनी वरंब्यात झिरपतं आणि माथ्याकडे चढतं. मीठही त्याच्यामागून चढतं आणि माथ्यावर जाऊन बसतं. म्हणून बी माथ्यावर लावायचं नाही. वरंब्याच्या बगलेत, पाण्याची रेघ जिथवर येते त्याच्या चार बोटं वर टोकायचं. दाट लावलं तर पानांच्या सावलीने जमीन कमी तापते, मीठ कमी वर येतं. पण फार दाट लावलं तर ताटं एकमेकांच्या तोंडचं काढून घेतात. एवढं जुन्या माणसांनाही ठाऊक होतं. नवं होतं ते निळं बी.

निळं बी म्हणजे चाऱ्याचाच मका, पण त्याच्यावर संशोधन केंद्रात घडवलेल्या एका बुरशीचा लेप. दाणा रुजला की बुरशीचे केसाहून बारीक धागे मुळांभोवती जाळं विणत. मुळाशी येणारं मीठ ते उचलत आणि या धाग्यावरून त्या धाग्यावर, विहिरीवरच्या बायकांनी हातोहात घागरी पुढं द्याव्यात तसं, जाळ्याच्या कडेपर्यंत पोचवत. कड म्हणजे वरंब्याचा माथा. तिथं पांढरी पापडी धरली की आठवड्याने ती खुरप्याने खरवडायची, पोत्यात भरायची, दूध संघाची गाडी येऊन घेऊन जायची. रान दर हंगामाला थोडं गोडं होणार, आणि वर वैरण मिळणार.

प्रशिक्षणाच्या वेळी केंद्रातल्या वारे मॅडमनी एकच गोष्ट चारदा सांगितली होती. "ही बुरशी गुणी आहे, पण तिचं घर लहान ठेवा. दोन ओळींत अडीच फूट, दोन ताटांत नऊ इंच आणि एका भोकात एकच दाणा. दाटी झाली की मुळं लांब पळतात, आणि या ओळीची मुळं त्या ओळीला भेटता कामा नयेत. भेटली तर धागे एकमेकांना ओळखतात आणि जुळतात. मग सगळं रान मिळून एकच जीव होतो. आणि त्या जिवाची कड वरंब्यावर नसते."

सानिका शेतकी पदविका झालेली, मळ्याची सून, म्हणून संघाने नव्वद एकरांची देखरेख तिच्याकडे दिली होती. टोकणीला अकरा बायका. पुढं थोरली जाऊ राजमती.

"अक्का, एकच दाणा टाकायचा हाय," सानिका सरीतून चालत सांगत होती.

"एकच? आणि पाखरानं काय उपाशी राहायचं?" राजमतीने मान वर न करता दोन दाणे टाकून पायाने माती लोटली. "एक आपला, एक पाखराचा. माझ्या आज्जीच्या हाताला हीच सवय, माझ्या हाताला हीच. तू डिप्लोमा केलीस म्हणून हात बदलून आणू काय बाजारातनं?"

बायका खदखदून हसल्या.

"ह्या बियाला पाखरं शिवत नाहीत. लेप कडू असतोय."

"मग दोन्ही उगवतील. वैरण दुप्पट. रडालीस कशाला?"

सानिकाही हसली होती. तिला ठाऊक होतं, दहाव्या दिवसापर्यंत विरळणी करता येते. जास्तीचं रोप उपटलं की झालं. पण दहाव्या दिवशी ती रानात उभी राहिली तेव्हा पांढऱ्या मातीवर जन्मात पहिल्यांदा हिरवी रेघ उमटली होती, जोडीजोडीने. संघाच्या ड्रोनने घिरटी घालून पिकाचा अंदाज पाठवला: एकरी सत्तावीस टन. क्षारपड रानात सहा टन आले तरी लोक नारळ फोडत. तिने एक रोप उपटायला हात घातला. पांढऱ्या मुळांसकट ते इवलंसं हातात आलं आणि तिला कसंतरीच झालं. तिने ते परत मातीत खोचलं, आणि संघाच्या फॉर्मवर लिहिलं, विरळणी पूर्ण.

आज टोकणीला पंचेचाळीस दिवस झाले होते.

तोंडातला घोट मोरीत टाकून तिने क्षार मोजायची काठी उचलली आणि ती विहिरीवर गेली. चांगल्या पाण्याचा आकडा एकाच्या आत असतो. काठीने तीन पूर्णांक आठ दाखवलं. काठी बिघडली असेल म्हणून तिने पुसून पुन्हा बुडवली. तीन पूर्णांक नऊ.

मग तिला ते दिसलं. जांभळाचं एक मूळ विहिरीच्या दगडांतून आत डोकावत होतं. त्याच्या अंगावर फिकट निळसर, ओलसर लव होती. लव मुळावरून उतरून कातळाच्या भेगेत शिरली होती, आणि भेगेच्या तोंडातून पाण्यापर्यंत एक पांढरा ओघळ गेला होता. ताजा. तिने वाकून बोट लावलं, तर तो ओला होता. एक थेंब तिच्या नखावर आला आणि बघता बघता वाळून त्याचा बारीक, चौकोनी दाणा झाला.

तिने मागे पाहिलं. मक्यात वारा नव्हता. एक पान हलत नव्हतं. वरंब्यांच्या माथ्यांवर पंधरा दिवसांपासून पापडी धरलीच नव्हती. बायका म्हणाल्या होत्या, बरं झालं, खरवडायचा त्रास वाचला. तिलाही तसंच वाटलं होतं. मीठ संपत आलं, असं. नव्वद एकरांतलं चाळीस वर्षांचं मीठ.

वारे मॅडमनी फोन लगेच उचलला.

"अंतर किती ठेवलं होतंत?"

"अडीच फूट, नऊ इंच," सानिका म्हणाली. तिच्या पायाशी नक्षत्रा बाहुलीची वेणी घालत बसली होती.

"दाणा?"

"एकच."

"मग प्रश्नच नाही. विहिरीचं कारण दुसरं असणार. वरचं पाणी झिरपतंय का बघा."

"मॅडम, पण समजा, कुणाच्या हातून चुकून दोन पडले असते तर?"

"किती एकरांवर?"

"नाही, सहज विचारते."

"सहज विचारू नका, सानिका. तसं असेल तर मला आत्ता सांगा. सगळं रान मुळासकट उपटून जाळावं लागेल, आणि भोवतीचं हिरवं जे काही असेल तेही. दोन वर्षं काही लावायचं नाही. जनावरं हलवायची, जमलं तर माणसंही. जुळलेली जाळी कुठं थांबते ते आम्हाला माहीत नाही. आम्ही ती फक्त कुंडीत पाहिली आहे."

"मग कुंडीत काय झालं?"

"शेजारच्या कुंडीत गेली. मध्ये नुसती फरशी होती."

सानिकाच्या डोळ्यांपुढं पाच घरं आली, चौतीस म्हशी, अकरा बायका आणि स्वतःच्या हाताने लिहिलेला तो फॉर्म. "नाही मॅडम," ती म्हणाली. "एकच दाणा होता."

तिचा नवरा प्रज्योत संघाची दुधाची गाडी चालवायचा. तो तालुक्याहून पिण्याच्या पाण्याचे जार आणायला लागला. तिने त्याला सांगितलं, विहीर उपसायला झालीय. डॉक्टरीणबाईंनी नक्षत्राच्या सुजलेल्या पापण्या बघितल्या, रक्त तपासलं आणि दटावलं, "लहान मुलांच्या किडनीला एवढं मीठ उपसत नाही. आई ना तुम्ही? पाणी बदला आधी."

पाणी बदललं. तरी तिसऱ्या दिवशी सानिका गोठ्यात गेली तेव्हा नक्षत्रा म्हशींच्या हौदावर वाकून, ओंजळीओंजळीने घटाघटा पाणी पीत होती. हनुवटीवरून पाणी गळत होतं, डोळे मिटलेले.

"नक्षू! काय करालीस?"

"तहान लागली."

"घरात जार हाय की गं!"

"ते पिले. तरी लागली." लेकीने ओठ चाटले. कोपऱ्यांत पांढरं धरलं होतं.

सानिकाने तिला उचलून घट्ट धरलं. ते किडकिडीत अंग, मानेला येणारा घामाचा वास. घाम तिने ओठांनी टिपला आणि तशीच थबकली. घाम खारटच असतो, सगळ्यांचाच असतो, असं तिने स्वतःला दोनदा सांगितलं.

त्या सकाळी राजमतीची वांगी बसली. विहिरीपलीकडच्या वाफ्यातली भरली झाडं पानं खाली सोडून उभी होती आणि प्रत्येक बुंध्याभोवती रांगोळी घातल्यासारखं पांढरं वेटोळं होतं. राजमती कमरेवर हात ठेवून बघत होती.

"माझ्याच नशिबाला कोण मीठ लावालंय बघ," ती म्हणाली. तिच्या थट्टेत जोर नव्हता.

सानिकाला पुढं गप्प राहवेना. तिने बांधावर बसून सगळं सांगितलं. दोन दाणे, न केलेली विरळणी, फोन. राजमती ऐकत होती आणि स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"म्हंजे माझ्या हातानं झालं म्हण."

"नाही अक्का. हात तुमचा होता, पण विरळायचं काम माझं. मला ती रोपं उपटवेनात."

"आणि आता पोरगी हौदावर पाणी पितीया."

"एक उपाय हाय," सानिका म्हणाली. तीन दिवस तिच्या डोक्यात तो घोळत होता. "जाळीला जिवंत मूळ लागतं. विहिरीकडचा सगळा मका कापून मुळं उपटायची. बांधावरचं गवत काढायचं, जांभळाभोवती चर खणून मुळं तोडायची. आणि नाल्याकडचा तेवढा एक पट्टा उभा ठेवायचा. मग जाळी तिकडं गोळा होईल. तिची कड तिकडं जाईल."

"आणि मीठ?"

"नाल्याकडं."

राजमतीने तिच्याकडे पाहिलं. "नाल्यापलीकडं आठ घरं हायेत, सानिका."

"त्यांचा हातपंप लांब हाय."

"आपली विहीर काय रानात होती?"

दूर अंगणात नक्षत्रा दोरीवरून उड्या मारत होती. चार उड्या मारून ती खाली बसत होती, दम खात होती, परत उठत होती. दोघीही तिकडंच बघत होत्या.

"आधी जाऊन त्यांना सांग," शेवटी राजमती म्हणाली. "तोंडानं सांग. त्यांनी पाण्याची सोय करू दे. मग इळा मी आणतो."

सानिका दुपारीच नाला ओलांडून गेली. हातपंपावर शेवंता नावाची एक बाई भांडी घासत होती. कडेवर वर्षाचं पोर. सानिकाला बघून ती पदराला हात पुसत उठली.

"या की! मक्याच्या ताई नव्हं तुम्ही? काय वैरण आलीया हो तुमची! आमच्या दारातनं दिसतीया. हे रोज बघून म्हणत्यात, त्यांच्याकडनं बी मागून घेऊ."

"हो," सानिका म्हणाली.

"पाणी घ्या. उन्हाचं आलायसा." शेवंताने पंप हापसून तांब्या भरला. पाणी गार होतं, गोड होतं. सानिकाने ते सगळं पिऊन टाकलं. तांब्या परत देताना ते बाळ तिच्या बांगड्यांकडे झेपावलं आणि तिचं बोट मुठीत धरून बसलं. मूठ सुटेना. ती सोडवता सोडवता सानिकाने मनात शब्द जुळवले. आमच्या रानातून मीठ येईल, पाणी तपासत राहा. एवढंच तर म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न येणार: का येईल? आणि मग संध्याकाळपर्यंत केंद्राची माणसं, आणि रान पेटवणं, आणि जाळीचं काय ते कुणालाच न कळणं, आणि तोवर विहीर तशीच.

"काही काम होतं काय?" शेवंताने विचारलं.

"नाही," सानिका म्हणाली. "वैरण लागली तर सांगा. देईन."

बांधावर राजमती वाट बघत होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"बघू म्हणाली."

राजमतीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला कळलं असावं. तिने पदर खोचला आणि ती मक्यात शिरली.

पाचही घरांतली माणसं लागली तरी कापणीला दोन आठवडे गेले. ताटं पडत गेली तसं खालचं रान उघडं पडलं आणि बायकांचे आवाज बसत गेले. सऱ्यांच्या तळाशी फिकट निळी लव गादीसारखी पसरली होती. मुळं एकेकटी उपटून येईनात. एक ओढलं की पुढची दहा ताटं हलत. एका बाईने हात घातला आणि किंचाळून मागे घेतला. "गरम लागतंय गं!" त्यानंतर कुणी गाणं म्हटलं नाही. जांभळाभोवती कमरेएवढा चर खणला. मुळं तोडताना राजमतीने झाडाला हात लावून नमस्कार केला. विहीर आठ दिवस उपसली आणि पाणी नाल्यात सोडलं.

नाल्याकडचा पट्टा मात्र वाढतच राहिला. तुरा पडायची वेळ झाली तरी त्याला तुरा पडला नाही. नुसता उंच आणि काळा होत गेला. सानिका रोज त्याच्या अलीकडच्या कडेला जाऊन काठी खोचायची. आकडा रोज उतरत होता. पलीकडच्या कडेला ती गेली नाही. चार दिवस, असं तिने ठरवलं होतं. मग पट्टाही कापायचा. चाराचे आठ झाले. प्रत्येक सकाळी ती लेकीच्या पापण्या बघायची आणि म्हणायची, आज नको, उद्या.

कापणी संपल्यावर बाराव्या सकाळी काठीने विहिरीच्या पाण्यात शून्य पूर्णांक नऊ दाखवलं. राजमतीने कळशी वर ओढली, ओंजळभर पिऊन पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी हसली. "ये गं नक्षू. पी."

नक्षत्रा धावत आली. तिची सूज उतरली होती, डोळे पुन्हा मोठे दिसत होते. तिने तांब्या दोन्ही हातांनी तोंडाला लावला आणि मध्येच थांबली. म्हणजे खरंच तहान भागून थांबली. पुढचं पाणी तिने उडवून दिलं आणि आईच्या साडीला ओले हात पुसले. सानिका खाली बसली आणि तिने लेकीचा चेहरा ओंजळीत धरला. तिला रडू येत होतं.

"गोड झालं," नक्षत्रा म्हणाली. "मग आपलं मीठ संपलं?"

"मीठ संपत नसतंय, बाळा. ते लांब गेलं."

"आपलं आपण?"

"नाही. आम्ही पाठवलं."

राजमतीचा कळशी उचलणारा हात थांबला. नक्षत्रा वळून नाल्याकडे बघायला लागली. तिथं काळा पट्टा एकही पान न हलवता उभा होता, आणि त्याच्या पलीकडून हातपंपाचा कुईकुई आवाज येत होता. कुणीतरी हापसत होतं, थांबत होतं, पुन्हा हापसत होतं.

"आई," तिने विचारलं, "त्यांनी ते कुणाकडं पाठवायचं?"